दंतचिकित्सालयास लोकवस्ती किती हवी?

दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. बांबोळी येथे १९८० साली गोवा दंत महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून गोव्यातील अनेक घरांत या प्रश्नाची चर्चा होत आली आहे. म्हापसा-मडगावात एका पाटीशेजारी दुसरी पाटी दिसते. काणकोण वा सत्तरीच्या अंतर्भागात मात्र पाटी शोधावी लागते. मग दवाखाना थाटावा कोठे?

दर ७,५०० लोकांमागे एक दंतवैद्य, हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या नावे सर्वत्र सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार काणकोण तालुक्याची लोकसंख्या ४५,१७२ होती. या हिशेबाने तेथे सहा दंतवैद्यांचा निर्वाह व्हावयास हरकत नसावी. तथापि डोकी मोजून रुग्ण मोजता येत नाहीत.

यासाठी एका खुर्चीचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. एका रुग्णास पाऊण तास धरला, तर सहा तासांत आठ रुग्ण होतात. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस मानल्यास वर्षाकाठी २,४०० बैठका भरतात. दात भरणे, साफ करणे, मुळाचा उपचार यांसाठी दरमाणशी सरासरी तीन खेपा गृहीत धरल्या, तर वर्षास ८०० माणसे यावी लागतात. दहांपैकी एक माणूस वर्षातून दंतवैद्याकडे जात असेल, तर या ८०० माणसांसाठी ८,००० वस्ती लागेल. विसांपैकी एकच जात असेल, तर तीच खुर्ची भरण्यास १६,००० वस्ती हवी. आणि चारांतील एक जात असेल, तर ३,२०० पुरेत! म्हणजे काणकोणात सहाजणांचे पोट भरेल की तिघांचेही भरणार नाही, हे लोकांच्या सवयीवर ठरते.

ग्रामीण भागात दाताचे दुखणे अंगावर काढण्याची रीत जुनी आहे. लवंगेच्या तेलावर महिने निघतात आणि दाढ उपटण्याखेरीज गत्यंतर उरत नाही, तेव्हाच माणूस घराबाहेर पडतो. उपटलेल्या दाढेसाठी एकच खेप होते. रुग्णाचा दात जातो आणि वैद्याच्या उरलेल्या दोन बैठका रिकाम्या जातात. इकडे खुर्ची, हवेचा कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, हत्यारे निर्जंतुक करण्याचे साधन यांचे कर्ज आणि मदतनिसाचा पगार मात्र थांबत नाही. साध्या वैद्यास टेबल, स्टेथोस्कोप व औषधांचे कपाट एवढ्यावर आरंभ करता येतो. दंतवैद्यास ती सोय नाही.

अंतराचाही विचार अगत्याचा आहे. गावडोंगरी वा खोतीगाव येथील मजुरास चावडीपर्यंत येण्यात अर्धा दिवस मोडावा लागत असेल, तर तो तिसऱ्या खेपेस येईलच असे नाही. अर्धवट राहिलेला मुळाचा उपचार हा दोघांच्याही तोट्याचा. अशा ठिकाणी बसचे वेळापत्रक जनगणनेच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

किनारपट्टीवर गणित उलटे होते. २०११ साली बार्देशची लोकसंख्या २,३७,४४० होती. पण कळंगुट-कांदोळीस येणारे पर्यटक अथवा नाताळ-चतुर्थीला परदेशातून घरी परतणारे गोमंतकीय या आकड्यात नसतात. हे लोक सुटीत दातांची कामे उरकून घेतात, त्यामुळे तेथे दाट पाट्याही तग धरतात. अर्थात हंगाम सरला की त्यांतील कित्येक खुर्च्या रिकाम्या राहतात, हेही ध्यानात घ्यावे.

अंतर्भागात जाऊ इच्छिणाऱ्याने प्रारंभी सहाही दिवस दवाखाना उघडण्याचा अट्टहास धरू नये. आठवड्याचे दोन ठरलेले वार, त्यांतला एक बाजाराचा, एवढ्यानेही ओळख होते. शाळांत मुलांचे दात तपासण्यास मुख्याध्यापकांचे साहाय्य मिळाल्यास अधिकच बरे. चाळीस मुलांच्या वर्गातील पाचांच्या पालकांनी जरी चिठ्ठी वाचून किडका दात वेळीच भरून घेतला, तरी त्या पाच घरांतील थोरली माणसे पुढल्या खेपेस स्वतःच्या दाढेविषयी विचारू लागतात.