जांगड दिलेला माल आणि त्याची वही

दुकानदाराला माल रोखीने विकला की हिशेब तिथेच संपतो. उधारीवर विकला तर रक्कम आणि मुदत लक्षात ठेवावी लागते. पण माल दुकानात ठेवायचा, खपला तर पैसे आणि न खपला तर परत, असे ठरले की हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो. आपल्या बाजारात याला जांगड म्हणतात. हाताने घडवलेली मातीची भांडी पुष्कळदा अशीच खपतात. भेटवस्तूंच्या दुकानदाराला नव्या कारागिराच्या मालात पैसे अडकवायचे नसतात आणि कारागिराला घरात बसून गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा आहे. मात्र तो लिहिला नाही तर सहा महिन्यांनी दोघेही खरे बोलत असतात आणि आकडे जुळत नाहीत.

हे आम्ही स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका गावी भेटवस्तूंच्या दुकानात आम्ही ६० नग ठेवले. वाडगे, पेले, सुरया आणि थोड्या फुलदाण्या. दुकानदार जुन्या ओळखीचे, नमाजी माणूस. त्यांनी कागदावर 'मातीची भांडी ६०' एवढे लिहून सही केली, आणि तेही आम्हाला जास्तच वाटले. पुढच्या दोन हंगामांत पैसे अधूनमधून मिळत गेले. आम्ही ते मोजून घेतले, कोणत्या नगाचे ते विचारले नाही. मध्ये आणखी दोनदा माल पोहोचवला, त्याची चिठ्ठीही केली नाही. मग एके दिवशी त्यांच्या इंतकालाची खबर आली.

महिनाभराने त्यांच्या मुलांनी आम्हाला बोलावले. फळीवरची सगळी मातीची भांडी त्यांनी टेबलावर मांडली होती. ४१ नग होते, आमचे आणि आणखी एका कुंभाराचे मिसळलेले. मोठा मुलगा म्हणाला, "चाचा, यातले तुमचे कोणते ते सांगा. आणि अब्बांकडे तुमचे किती निघतात तेही सांगा. आम्ही देऊ." आम्हाला दोन्ही सांगता आले नाही. सुरया आणि वाडगे ओळखू आले. पेल्यांवर हात ठेवताना मन कचरले, कारण दुसऱ्याचे पेलेही तशाच मातीचे आणि तशाच हिरव्या झिलईचे होते. शेवटी आम्ही २६ नग उचलले. पैशांचा आकडा अंदाजाने सांगितला, मुलांनी घासाघीस न करता दिला. तो जास्त होता की कमी, हे आजही आम्हाला ठाऊक नाही. कमी असेल तर ते नुकसान सोसता येते. पण त्या २६ नगांत दुसऱ्याचे दोन-चार आले असतील, तर त्याचा हक्क आमच्या घरात आला.

बांधवांनो, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, तो लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. हातोहात होणारा व्यापार लिहिला नाही तरी चालेल, ही सवलतही तिथेच आहे. जांगड हातोहात होणारा व्यापार नाही. म्हणून चिठ्ठी मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास, ही समजूत प्रथम मनातून काढावी.

नगाला नंबर

साच्यातून निघालेले कप डझनावर मोजता येतात. हाताने घडवलेले दोन वाडगे सारखे नसतात, त्यांची किंमतही सारखी नसते. म्हणून 'वाडगे १२' ही नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर हवा.

चिकटपट्टीची लेबले आम्ही वापरून पाहिली. कोकणच्या पावसाळी हवेत ती सुटतात, आणि झिलई नसलेल्या भांड्यावर तर धरतच नाहीत. नंबर मातीतच असावा. भांडे चाकावरून उतरून चामड्यासारखे घट्ट झाले की बुडाखाली सुईने नंबर कोरावा. भट्टीत तो पक्का होतो आणि पुसत नाही. झिलईचे भांडे असेल तर बुडाला झिलई लावायचीच नसते, नाहीतर ते भट्टीच्या फळीला चिकटते. तीच कोरडी जागा नंबरासाठी वापरावी. आमची पद्धत साधी आहे. पहिले अक्षर प्रकाराचे, नंतर वर्ष, नंतर ओळीने क्रमांक. 'सु २४-०१७' म्हणजे २०२४ ची सतरावी सुरई. भट्टीत फुटलेल्या नगाचा नंबर दुसऱ्याला देऊ नये, वहीत त्यापुढे 'भट्टीत गेला' असे लिहावे. मापे मात्र भाजल्यावरच घ्यावीत, कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते आणि ओल्या भांड्याचे माप पुढे खोटे ठरते.

नग वहीत प्रत्येक नंबरासमोर उंची, रंग, लागत आणि विक्रीची किंमत एवढे पुरे. आता मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे, तेव्हा नंबर दिसेल असा बुडाचा एक आणि समोरून एक फोटो काढून ठेवावा. फोटो वहीच्या जोडीला असावा, वहीऐवजी नव्हे. मोबाईल हरवतो, हे सांगायला नको.

चिठ्ठीत काय असावे

दुकानाला माल देताना कार्बन घालून दोन प्रती कराव्यात. सर्व नंबर, प्रत्येकाची विक्रीची किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या. देताना प्रत्येक नग दुकानदारासमोर बोटाच्या पेराने वाजवावा. धड भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. ही परीक्षा त्याच क्षणी झाली की 'आधीच फुटका होता' हा वाद पुढे उरत नाही.

त्यानंतर चिठ्ठीत एक गोष्ट स्पष्ट लिहावी, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. जांगड या एका शब्दात दोन वेगळे व्यवहार येतात. एकात दुकानदार माल पसंतीवर घेतो, ठेवला तर तो स्वतःच खरेदीदार. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्याने पसंती कळवली, किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत माल नाकारल्याचे न कळवता ठेवून घेतला, तर माल त्याचा झाला आणि किमतीचा तो देणेकरी झाला. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी मुदत' धरतात, आणि वाजवी म्हणजे किती यावरच भांडण होते. दुसऱ्या व्यवहारात दुकानदार आपल्या वतीने विकतो आणि कमिशन घेतो. तिथे गिऱ्हाईक घेईपर्यंत माल आपलाच राहतो, दुकानदार आपला वकील असतो, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागताच हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक असते. म्हणून चिठ्ठीच्या डोक्यावरच 'पसंतीवर, मुदत ६० दिवस' किंवा 'विक्रीसाठी, कमिशन ३० टक्के' असे लिहावे.

कमिशनचा आकडा आधी ठरावा. "मला साडेतीनशे द्या, वर किती घ्यायचे ते तुमचे तुम्ही पाहा," असे काही जण ठरवतात. फिकहमध्ये हा प्रश्न जुना आहे. काही बुजुर्गांनी याला हरकत घेतलेली नाही, पण मोबदला ठरलेला नाही म्हणून अनेक इमामांना ते पसंत नाही. आपल्या आलिमांना विचारावे. टक्केवारी ठरली तर प्रश्नच येत नाही.

सूट कोणाच्या वाट्याची, हेही लिहावे. ५०० रुपयांची सुरई दुकानदाराने ४५० ला दिली. कमिशन विक्रीवर धरले तर १३५ त्याचे आणि ३१५ आपले. सूट त्याने आपल्या कमिशनातून द्यायची असे ठरले असेल तर आपले ३५०. फरक ३५ रुपयांचा, पण हंगामात शंभर नग गेले तर तो डोळ्यांत भरतो.

आमच्या चिठ्ठीच्या तळाशी आता आणखी एक ओळ असते: 'वरील नग कारागिराची अमानत असून दुकानदाराच्या मालमत्तेत वा तरक्यात मोजू नयेत.' ही ओळ पहिल्यांदा वाचून एका दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःच दुसऱ्या प्रतीवर मुलाची सही घेतली.

महिन्याची मोजणी

जांगड वहीत प्रत्येक दुकानाला वेगळे पान असावे. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन फळीवरचे नग नंबराने मोजावेत. फोनवर विचारलेली शिल्लक ही मोजणी नव्हे. हिशेब सोपा आहे. समजा, मागची शिल्लक ३० आणि या महिन्यात दिले १८, म्हणजे ४८. विकले २१, परत आणले ५, फुटले २. फळीवर २० हवेत. मोजले तर १७ भरले. नुसता आकडा असता तर 'तीन कमी' एवढेच कळले असते आणि कुठेतरी असतील म्हणून विषय संपला असता. नंबर असल्यामुळे नेमके कोणते तीन, ते कळते. अनेकदा त्यातला एखादा मागच्या खोलीत सापडतो, एखादा विकला गेलेला असतो आणि नोकराने लिहिलेला नसतो.

पैशांचे पान त्याच दिवशी पुरे करावे. त्या २१ नगांचे ९,४५० आले, ३० टक्के कमिशन २,८३५, आपले ६,६१५. हरवलेल्या तिघांची किंमत १,४५० असेल आणि हरवलेला नग विकला असे धरायचे ठरले असेल, तर कमिशन वजा जाऊन आणखी १,०१५. रक्कम यूपीआयने आली तरी कोणत्या नंबरांची ती वहीत लिहावीच.

फुटलेल्या नगांचे काय? शरीअतमध्ये अमानत ठेवणाऱ्याने हलगर्जी केली नसेल तर त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. करार कायद्याची कलमे १५१ आणि १५२ साधारण तेच सांगतात: सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली की पुरे. म्हणून गिऱ्हाईकाच्या हातून फुटलेल्या पेल्यासाठी दुकानदाराच्या मागे लागू नये. रस्त्याच्या कडेला उघड्यावर मांडलेल्या मालाची गोष्ट वेगळी. फुटल्याचा दावा असेल तर नंबर असलेले बूड दाखवावे, एवढी अट आम्ही घालतो. बूड सहसा शाबूत राहते.

मोठ्या आपत्तीत हे सगळे कसोटीला लागते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी जांगड मालाचे नुकसान मूळ मालकाचे, म्हणजे कारागिराचे. दुकानाच्या विम्यात दुकानदाराच्या स्वतःच्या मालाची रक्कम असते. दुसऱ्याचा, कमिशनवर ठेवलेला माल पॉलिसीत स्पष्ट नमूद नसेल तर भरपाई नाही, अशी अट अनेक पॉलिसींत असते. पावसाळ्यापूर्वी दुकानदाराला एकदा पॉलिसी काढून दाखवायला सांगावे. तसे नसेल तर मे महिन्याच्या मोजणीतच सखल भागातला माल निम्मा करून आणावा.

जकातीच्या दिवशीही हीच वही लागते. विकण्यासाठी घडवलेला माल दुसऱ्याच्या फळीवर असला तरी आपला आहे आणि तो आपल्या हिशेबात येतो. विकत घेतलेली माती आणि रंगही येतात, चाक आणि भट्टी येत नाहीत. दुकानदाराने मात्र तो माल आपल्या जकातीत धरू नये. पाच दुकानांत मिळून आपले किती नग पडून आहेत हे ज्याला सांगता येत नाही, तो अडीच टक्के कशाचे काढणार?

जीएसटीची नोंदणी असेल तर माल पाठवताना डिलिव्हरी चलन द्यावे. पसंतीवर दिलेल्या मालाचे बिल विक्री ठरताच, किंवा माल बाहेर पडल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी होईल तेव्हा काढायचे असते. कमिशनवर विकणारा दुकानदार स्वतःच्या नावाने बिल फाडत असेल तर नियम वेगळा, माल त्याच्याकडे पाठवला तोच पुरवठा धरतात. यासाठी कर सल्लागाराला चिठ्ठी दाखवावी.

आमच्या वाचकांत दुकानदारही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एकच गोष्ट. जांगड माल विकल्याचे पैसे गल्ल्यात मिसळले की ते आपलेच वाटू लागतात आणि त्यातून दुसऱ्या मालाची खरेदी होते. गल्ल्याशेजारी वेगळा डबा ठेवावा. नग विकला की त्याच्या नंबराची चिठ्ठी आणि कारागिराचा हिस्सा त्यात टाकावा, आणि महिन्याच्या मोजणीला कारागीर आला की डबा त्याच्यासमोर उघडावा.