पेट्रोलच्या टाकीत ओतायची ती बाटली

प्रश्न : माझी 2013 सालची पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. सर्व्हिसिंगला दिली की दर वेळी बिलात ‘फ्युएल सिस्टिम क्लीनर’ची बाटली लावलेली असते. पंपावरचा मुलगा म्हणतो, महागाचं पेट्रोल टाका, इंजिन साफ राहील. शेजारच्या काकांच्या मते सगळा दोष इथेनॉलचा. गाडी सकाळी सुरू केली की थोडी मिसिंग मारते, पिकअपही पूर्वीचा राहिला नाही. गाडी बहुतेक बाजारापर्यंतच जाते. काय करावं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून तर गोंधळ. एक गोष्ट धरून चला : बाटलीतलं औषध पेट्रोलबरोबर जातं, तेव्हा पेट्रोल जिथे पोहोचतं तिथलीच घाण ते काढू शकतं. बाकीचं इंजिन त्याच्या वाटेतच येत नाही.

त्या काळातल्या आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजेक्टर पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो आणि तिथून ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं. मेकॅनिकने कधी हेड उघडलं तर व्हॉल्व्हच्या मानेपाशी जरूर बघा. नखाने खरवडून निघणार नाही असा काळा, खरबरीत थर दिसेल. हा थर स्पंजसारखा वागतो. इंजिन थंड असताना फवाऱ्यातलं थोडं पेट्रोल तो स्वतःच पिऊन टाकतो, सिलिंडरला कमी मिळतं आणि गाडी अडखळते. इंजिन तापलं की तक्रार कमी होते. इंजेक्टरच्या टोकाचंही तसंच. गाडी बंद केल्यावर तिथे उरलेला थेंब इंजिनच्या धगीने आटतो आणि त्याचा चिकट थर बारीक भोकांवर बसतो. दिवसातून चार वेळा बाजारापर्यंत जाऊन गाडी बंद करणाऱ्याला हा त्रास हमरस्त्यावर पळणाऱ्यापेक्षा जास्त.

या दोन्ही जागी बाटलीचा उपयोग होऊ शकतो, पण आत काय आहे ते बघून घ्या. पॉलिइथरअमाइन किंवा त्या जातीचं डिटर्जंट असेल तर काम होतं. नुसतंच ‘पॉवर वाढवते, ॲव्हरेज वाढवते’ असं छापलेलं असेल तर पैसे खिशात ठेवा. हल्लीच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत फवारा थेट सिलिंडरमध्ये पडतो. तिथे व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोल लागतच नाही, मग बाटली काय करणार? असे व्हॉल्व्ह साफ करायला काही ठिकाणी अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात.

आता महागाचं पेट्रोल. ऑक्टेन आणि सफाई हे दोन वेगळे गुण आहेत. पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेट घेत नाही, म्हणजे इंजिन ‘ठोकत’ नाही, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. साध्या 91 ऑक्टेनवर चालायला बनवलेल्या इंजिनात 100 चं पेट्रोल ओतून जादा ताकद येत नाही. प्रीमियम पेट्रोलमध्ये डिटर्जंट घातलेलं असतं, त्याचा फायदा खरा आहे. पण मग पैसे त्यासाठी द्या, आकड्यासाठी नको. गंमत म्हणजे इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या आसपास असतं. त्यामुळे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल साध्या नळीतूनही सरकारी हिशेबाने 95 ऑक्टेनचं मिळतं.

काकांकडे वळू. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट धरली होती. 20 टक्के इथेनॉल सोसणारे रबरी भाग एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांत सक्तीने आले; तुमची गाडी त्याआधीची. इंधनाच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला डोळ्यांनी तपासून घ्या. फुगलेली किंवा भेगाळलेली नळी कुठलीच बाटली सुधारत नाही.

कोकणात याहून मोठा प्रश्न पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जळूनही जातं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि टाकीतला पंप तळातूनच ओढतो. तसं झालं तर टाकी रिकामी करून धुणे हाच उपाय. भर पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते.

भेसळीची शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो. नळीच्या तोंडातला एक थेंब त्या कागदावर टाका. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर रॉकेल-डिझेलची भेसळ नाही. पाणी किंवा हलकं सॉल्व्हंट मात्र हा कागद पकडत नाही. रॉकेलची भेसळ हा आपल्याकडे रक्तरंजित विषय होता : 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. रेशनचं स्वस्त रॉकेल संपत आल्यावर त्या धंद्यातला नफाही आटला.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर आधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. तिथे पेट्रोल पोहोचतच नाही, इंजिनच्या तेलकट वाफांची काजळी असते. ती स्प्रे आणि फडक्यानेच निघते. प्लग आणि एअर फिल्टर बघून घ्या. मग ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत एक चांगली बाटली घाला आणि ती टाकी लांबच्या प्रवासात संपवा. फरक पडला नाही तर दुसरी बाटली नको, इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून घ्या. आणि बिलात ‘इंजिन फ्लश’ दिसलं तर ते वेगळं प्रकरण आहे. ते ऑइलमध्ये ओततात, पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. ऑइल वेळेवर बदलत असाल तर ती ओळ खोडायला सांगा.