नांगर : शेतातला आणि समुद्रातला

रविवारच्या वाचनात ‘नांगर’ हा शब्द आला की धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले विचारतात, “शेतातला की बोटीतला?” प्रश्न रास्त आहे. मराठीत आपण जमीन नांगरतो आणि होडीही नांगरतो. शेतातल्या नांगराचे मूळ संस्कृत ‘लांगल’ या शब्दात आहे. बोटीच्या नांगराला हिंदीत ‘लंगर’ म्हणतात, तो शब्द फारसी. आपल्याकडे दोघांचा उच्चार एक झाला. खाडीकाठच्या ठाणे-कल्याणला ते शोभतेही. इथे भातशेती आणि होड्या शेजारी शेजारी होत्या.

बायबलमध्ये दोन्ही नांगर भेटतात. लूककृत शुभवर्तमानात (९:६२) प्रभू येशू नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी बोलतात, तो शेतातला. मागे पाहिले की तास वाकडे जाते. इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, तो जहाजाचा. रोमच्या भुयारी दफनभूमीत ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर कोरला तोही हाच.

जहाजाचा नांगर नुसत्या वजनावर काम करत नाही. त्याचे टोक तळाच्या चिखलात रुतावे लागते. दोरही पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट सोडावा लागतो. आखूड पडला तर ओढ वरून बसते आणि नांगर उपटून येतो. शिवाय नांगरलेली होडी गप्प उभी नसते. भरतीला तिचे तोंड एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे. प्रार्थनेत मन हेलकावे खाते म्हणून खंत करणाऱ्यांनी एकदा खाडीवर जाऊन हे पाहावे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ घरी जरूर वाचा. वादळाच्या चौदाव्या रात्री खलाशांनी पाणी मोजले : २० वाव, पुढे १५. खडकावर आपटू नये म्हणून त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. पहाट होत असताना संत पौलाने सर्वांना जेवायला लावले. मग दोर कापून चारही नांगर समुद्रात सोडून दिले! जहाज फुटले, पण २७६ जणांपैकी एकही दगावला नाही.

आपल्या ठाण्याची कथाही जहाजाचीच. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दिमेत्रियुस हे चार फ्रान्सिस्कन हॉर्मुझहून कोल्लमला निघाले होते. वाऱ्यामुळे जहाज ठाण्याला लागले आणि एप्रिल १३२१ मध्ये ते इथेच हुतात्मे झाले. त्यांना इथे नांगर टाकायचाच नव्हता.