झाड तक्त्यात कसे मावेल?

तुमच्या वर्गाचे हजेरीपत्रक हा एक तक्ता आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत तेच ते रकाने : क्रमांक, नाव, जन्मतारीख. आता पाठ्यपुस्तकातले एखादे नाटक डोळ्यांपुढे आणा. नाटकात अंक, अंकात प्रवेश, प्रवेशात संवाद, संवादात वाक्ये, आणि वाक्याच्या मध्येच कंसात नटासाठी सूचना. ही रचना झाडासारखी आहे. खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एका अंकात दोन प्रवेश असतील, तर दुसऱ्यात सात. येथे हजेरीपत्रकासारखे ठरावीक रकाने आखणार तरी कसे?

संगणकात माहिती साठवणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी उभा राहतो. रिलेशनल डेटाबेस या नावाने ओळखला जाणारा माहितीसाठा तक्त्यांचा बनलेला असतो. उलट एक्सएमएल या पद्धतीने लिहिलेली माहिती झाडासारखी असते. ही पद्धत १९९८ साली प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक घटकाच्या आधी एक खूण आणि नंतर तीच खूण तिरक्या रेघेसह लिहितात. खुणांची नावे आपणच ठरवायची, आणि ती देवनागरीतही चालतात. हा छोटा प्रवेश पाहा :

<प्रवेश>
<संवाद><पात्र>पोस्टमन</पात्र><वाक्य>आजी, पत्र आलंय.</वाक्य></संवाद>
<संवाद><पात्र>आजी</पात्र><वाक्य><सूचना>चष्मा शोधत</सूचना> वाचून दाखव की रे बाबा.</वाक्य></संवाद>
</प्रवेश>

एक्सएमएलचे नियम ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख जॉन बोसाक यांनी शेक्सपिअरची नाटके अशाच खुणा घालून तयार केली होती. त्यांतील ‘हॅम्लेट’चे ५ अंक आणि २० प्रवेश म्हणजे एक डेरेदार वृक्षच होय.

गंमत अशी की, संगणकाच्या जगात झाड आधी आले आणि तक्ता नंतर. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेतील अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात आयएमएस नावाची प्रणाली तयार केली. तिच्यात माहिती झाडाच्या रूपात असे. यंत्रात भाग, भागात उपभाग. पण अशा साठ्याला प्रश्न विचारायचा तर कोणत्या फांदीवरून कोणत्या डहाळीवर जायचे, हे आधीच ठाऊक हवे. रचना बदलली की जुन्या आज्ञावल्या निरुपयोगी!

यावर १९७० साली एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने उपाय सुचवला. त्याच्या निबंधातले उदाहरण साधे आहे. एका कर्मचाऱ्याच्या नोंदीत त्याच्या मुलांची यादी आहे आणि नोकऱ्यांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या पोटात पगारवाढींचा इतिहास आहे. म्हणजे हेही झाडच. कॉडने त्याचे चार सपाट तक्ते केले आणि प्रत्येक तक्त्यात कर्मचाऱ्याचा क्रमांक घातला. क्रमांक जुळवले की सर्व माहिती पुन्हा एकत्र येते. या कार्याबद्दल त्याला १९८१ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

मग नाटकाचेही तसेच करावे. अंकांचा एक तक्ता, प्रवेशांचा दुसरा, संवादांचा तिसरा. आजी किती वेळा बोलते, हे आता क्षणात मोजता येईल. मात्र येथे एक मेख आहे. कॉडच्या तक्त्यात नोंदींच्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. हे त्याने मुद्दाम केले होते. हजेरीपत्रकातील नावे उलटसुलट झाली तरी माहिती बदलत नाही. नाटकाचे तसे नाही. पत्र आल्याची वर्दी मिळण्याआधीच आजी ते वाचायला सांगू लागली, तर प्रेक्षक हसतील. तेव्हा झाडाचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचे स्थानही लिहून ठेवले पाहिजे.

ते कसे लिहावे? एक युक्ती मला फार आवडते. वहीत या प्रवेशाचे झाड काढा. प्रवेशाखाली दोन संवाद, पहिल्या संवादाखाली पात्र व वाक्य, दुसऱ्याखालीही तसेच, आणि आजीच्या वाक्याखाली सूचना. एकूण ८ घटक झाले. आता पेन्सिल घेऊन डावीकडून झाडाभोवती फेरी मारा. घटकात शिरताना एक क्रमांक लिहा आणि त्यातून बाहेर पडताना पुढचा. प्रवेशाला १ आणि १६ मिळतील, पोस्टमनच्या संवादाला २ आणि ७, आजीच्या संवादाला ८ आणि १५, तर सूचनेला १२ आणि १३. (प्रत्यक्षात शब्दांच्या तुकड्यांनाही असेच क्रमांक द्यावे लागतात. येथे सोपेपणासाठी ते सोडले आहेत.)

ही सूचना कोणाच्या संवादात आहे? १२ आणि १३ हे ८ व १५ यांच्या मध्ये आहेत, म्हणून आजीच्या. २ व ७ यांच्या मध्ये नाहीत, म्हणून पोस्टमनच्या नाहीत. फांदीवरून चढउतार करण्याची गरजच उरली नाही. दोन संख्यांची तुलना केली की झाले, आणि या कामात तक्ता अतिशय पटाईत असतो. शिवाय नोंदी पहिल्या क्रमांकाप्रमाणे लावल्या की नाटक मूळ क्रमाने पुन्हा उभे राहते.

परंतु लेखकाने दोन संवादांच्या मध्ये तिसरा घातला तर? ८ पासून १६ पर्यंतचे सर्व ९ क्रमांक बदलावे लागतील. मोठ्या नाटकात तर हजारो! यावर ग्रंथालयातील एक जुनी कल्पना कामी आली. मेलविल ड्यूई याने १८७६ साली पुस्तकांच्या वर्गीकरणासाठी दशांश क्रमांक वापरले. तसे प्रवेशाला १, त्यातील संवादांना १.१ आणि १.३ असे क्रमांक देतात. सुरुवातीला फक्त विषम संख्या वापरायच्या आणि सम संख्या मागून येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या. मधला नवा संवाद १.२.१ होतो. सम संख्या ही नवी पायरी धरत नाहीत, त्यामुळे तो पहिल्या दोघांच्याच पातळीवर राहतो, आणि जुना एकही क्रमांक बदलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये ही पद्धत वापरली गेली.

तुकडे न करता संपूर्ण एक्सएमएल एकाच रकान्यात ठेवण्याची सोयही आहे. २००३ सालच्या एसक्यूएल प्रमाणात खास त्यासाठी एक प्रकार आला. आतला भाग हवा असेल तर //संवाद/पात्र असा मार्ग लिहायचा. मग एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण नुसता मजकूर ठेवला, तर प्रत्येक प्रश्नाला तो पहिल्यापासून वाचावा लागतो. म्हणूनच असे रकाने सांभाळणाऱ्या काही प्रणाली आतल्या आत पुन्हा क्रमांकांचा तक्ता तयार करतात!

माझ्या मते बहुतेक वेळा मधला मार्ग बरा. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस व्यवस्थेत २०१३ पासून बँका एकमेकींना एक्सएमएलवर आधारलेले संदेश पाठवतात. असा संदेश साठवताना रक्कम, तारीख व खाते हे रोज विचारले जाणारे भाग वेगळ्या रकान्यांत काढावेत. मूळ संदेश मात्र जसाच्या तसा शेजारी ठेवावा. उद्या तंटा झाला, तर मूळ कागदच पाहावा लागतो.

करून पाहा : संगणकावर वर्डमध्ये लिहिलेल्या एखाद्या डॉक्स फाइलची प्रत करा. तिच्या नावाचा शेवटचा भाग बदलून झिप करा आणि ती उघडा. ‘वर्ड’ नावाच्या कप्प्यात ‘डॉक्युमेंट’ ही फाइल सापडेल. ती एक्सएमएलच आहे. शिक्षकांनी ती फळ्यावर झाडाच्या रूपात काढून घ्यावी. दोनतीन वाक्यांची फाइल पुरे, नाहीतर फळा अपुरा पडेल.

आणि एक कोडे : १.१ आणि १.२.१ या संवादांच्या मध्ये आणखी एक संवाद घालायचा आहे. जुने क्रमांक न बदलता त्याला कोणता क्रमांक द्याल? ऋण संख्या वापरायला बंदी नाही.