सीसीआयई लॅबची तयारी: फी सगळ्यांना दिसते, तास कुणी मोजत नाही



मागच्या व्हिडिओत सर्टिफिकेटवर पैसे घालावेत की नाही, यावर बोललो होतो. त्याखाली सर्वाधिक प्रश्न आले ते सीसीआयईचे. "सर, माझा नेटवर्किंगचा छोटा धंदा आहे, एएमसीची कामं करतो, मी सीसीआयई करू का?" हा प्रश्न बारा मिनिटांच्या व्हिडिओत संपण्यासारखा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. धंद्याकडे वळण्याआधी मी स्वतः काही वर्षं राउटर-स्विचमध्ये हात घातलेले आहेत. त्यामुळे मधेमधे थोडं तांत्रिक येईल, ते सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीसीआयई हे सिस्को कंपनीचं १९९३ पासून चालत आलेलं वरच्या दर्जाचं सर्टिफिकेट. त्याचे अनेक ट्रॅक आहेत. आपल्याकडचे बहुतेक जण एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर हा ट्रॅक घेतात, म्हणून त्याबद्दलच बोलू. आधी ३५०-४०१ नावाची दोन तासांची परीक्षा. ती पास झालात की आठ तासांची लॅब. लॅबमध्ये नुसते पर्याय निवडून गोल काळे करायचे नसतात, समोर नेटवर्क असतं आणि ते मागितल्याप्रमाणे चालवून दाखवायचं असतं. २००१ पर्यंत ही लॅब दोन दिवसांची होती, नंतर एका दिवसाची झाली. फेब्रुवारी २०२० पासून तिचे दोन भाग आहेत: पहिले तीन तास डिझाइन, पुढचे पाच तास प्रत्यक्ष उभारणी आणि दुरुस्ती.

आता आपल्या सवयीप्रमाणे आधी पैसे.

पहिल्या परीक्षेचे ४०० डॉलर, लॅबचे १६०० डॉलर. बुक करण्याआधी सिस्कोच्या साईटवर आकडा तपासाच. डॉलर ८८ रुपये धरला तर दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या वर जातात. वरून कर, बंगळुरूचा प्रवास, एक-दोन रात्रींचं हॉटेल. लॅबमध्ये नापास झालात तर लॅबची फी पुन्हा पूर्ण भरायची. इथपर्यंतचा हिशोब सगळेच करतात.

पुढचा हिशोब मात्र कुणी करत नाही. समजा, तुम्ही रोज दोन तास आणि रविवारी आठ तास अभ्यास केलात. आठवड्याला वीस तास, वर्षाला साधारण हजार तास. गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करायचे तुम्ही तासाला पाचशे रुपये घेत असाल, तर पाच लाख रुपयांचे तास तुम्ही या परीक्षेत घातले. ते तास तसेही रिकामेच जाणार होते, असं तुम्ही म्हणाल. काही जातीलही. पण धंदा करणाऱ्याचा रविवार खरंच रिकामा असतो का, हे घरच्यांना विचारून बघा.

नाशिकच्या मित्राची गोष्ट

आपल्या चॅनेलचे एक जुने प्रेक्षक आहेत. नाशिकला औद्योगिक वसाहतीत त्यांचं नेटवर्किंगचं काम चालतं, हाताखाली चार मुलं. त्यांनी पहिली लॅब दिली आणि ती गेली. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, त्यात काय झालं ते सांगतो, कारण मला त्यातून खूप शिकायला मिळालं.

फोनवर ते म्हणाले, "सर, मला सगळं येत होतं हो. तरी गेली."

मी म्हटलं, "येत होतं म्हणजे किती वेळात येत होतं?"

ते गप्प बसले. मग वही काढून वाचून दाखवायला लागले. लॅबमध्ये काय विचारलं होतं ते सांगायची परवानगी नसते, आणि मी विचारलंही नाही. वहीत सरावाच्या नोंदी होत्या. ओएसपीएफ झालं, बीजीपी झालं, डीएमव्हीपीएन झालं, सगळ्यापुढे टिकमार्क. कुठेही वेळ लिहिलेली नव्हती. घरी एखादी गोष्ट दीड तासात जमली की ते "जमलं" म्हणून पुढे जायचे. लॅबमध्ये अशाच एका ठिकाणी अडकले आणि तासाभराने वर बघितलं, तेव्हा अर्धी कामं शिल्लक होती.

पाच तास म्हणजे तीनशे मिनिटं. त्यातली पहिली वीस मिनिटं फक्त वाचायला ठेवा. सगळं वाचा, कीबोर्डला हात न लावता. कोणतं काम कशावर अवलंबून आहे याचं कागदावर चित्र काढा. शेवटची चाळीस मिनिटं तपासणीसाठी बाजूला ठेवा. उरली दोनशे चाळीस, आणि तुमची परीक्षा खरी एवढीच. एखाद्या कामावर पंधरा मिनिटांत गाडी हलत नसेल तर खूण करा आणि पुढे व्हा. फक्त एक अपवाद: जे काम पायात आहे, म्हणजे ज्यावर पुढची चार कामं उभी आहेत, ते सोडून पुढे जाता येत नाही. व्हीलॅनच चालत नसेल तर वरचं राउटिंग कशावर उभं राहणार? म्हणून आधी वाचायचं.

डिझाइनच्या तीन तासांत तर मागे वळायचीही सोय नाही. एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की ते पान बंद. तिथे राउटर हातात नसतो. गिऱ्हाइकाचे ईमेल, आकृत्या, अटी असा पसारा असतो आणि त्यातून निर्णय घ्यायचा असतो. धंदा करणाऱ्यांना हा भाग नोकरदारांपेक्षा सोपा जावा असं मला वाटतं. कारण "बजेट एवढंच आहे, बंद मात्र एक मिनिटही चालणार नाही" हे वाक्य आपण रोज ऐकतो.

हात चुकतो तो साध्या ठिकाणी

लॅबची तयारी करणारे अवघड विषयांना घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे. मार्क जातात ते साध्या गोष्टींत.

एक उदाहरण. ट्रंक पोर्टवर व्हीलॅन १० आणि २० चालू आहेत, तुम्हाला ३० वाढवायचाय. तुम्ही घाईत "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०" लिहिता. झालं! यादीत आता फक्त ३० उरला, १० आणि २० गेले. मधे "अ‍ॅड" हा एक शब्द हवा होता. ही चूक मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या चालू ऑफिसात दुपारी साडेबाराला केली आहे. अख्ख्या अकाउंट्स विभागाचं नेटवर्क गेलं आणि मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले.

दुसरं उदाहरण. दोन राउटरमध्ये पिंग व्यवस्थित जातो, पण ओएसपीएफचा शेजार एक्सस्टार्टवर येऊन अडकतो. तुम्ही पासवर्ड बघता, एरिया बघता, सगळं बरोबर. खरं दुखणं असतं एमटीयूत. एका बाजूला १५००, दुसऱ्या बाजूला वेगळा आकडा. साधा पिंग लहान असतो म्हणून तो जातो आणि तुम्हाला फसवतो. मोठ्या आकाराचा पिंग, तोही तुकडे न करण्याची अट घालून मारला, की मिनिटभरात कळतं.

तिसरं, ईआयजीआरपीमध्ये ओएसपीएफचे रूट आणायचे आणि मेट्रिक द्यायचं विसरायचं. कमांड निमूटपणे घेतली जाते, एररही येत नाही, आणि रूट मात्र पलीकडे पोचत नाहीत. एरर आला नाही म्हणजे काम झालं, असं धरून चालणाऱ्याची लॅब इथेच जाते.

म्हणून माझ्या मित्राला मी एकच बदल सुचवला. वहीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने: किती मिनिटं लागली, तपासणीची कोणती कमांड चालवली, आणि ते मोडून पुन्हा उभं केलं का. कमांड टाइप करणं म्हणजे अर्धंच काम. "शो" कमांडने बघितलं, दुसऱ्या टोकावरून पिंग केला, एक लिंक मुद्दाम बंद करून दुसऱ्या वाटेने ट्रॅफिक जातंय का ते पाहिलं, कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, मगच टिकमार्क. पहिल्या महिन्यात त्यांचे टिकमार्क निम्म्यावर आले. वाईट वाटलं त्यांना, पण तेच खरं चित्र होतं.

यातलीच एक सवय धंद्यात लगेच उपयोगी पडेल. दूरच्या साईटच्या राउटरवर काही जोखमीचं बदलायचं असेल, तर आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि "रीलोड इन १०" देऊन ठेवा. बदल चुकला आणि तुम्हीच बाहेर फेकले गेलात, तर दहा मिनिटांत राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. बदल बरोबर निघाला तर "रीलोड कॅन्सल" करा आणि मगच नवीन सेव्ह करा. सिन्नर किंवा इगतपुरीची एक फेरी वाचते.

आवडीचा विषय आणि मार्कांचा विषय

मित्राची दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. सिलॅबसमध्ये कशाला किती वजन आहे हे सिस्को स्वतः जाहीर करते. जुन्या पद्धतीचं राउटिंग-स्विचिंग ३० टक्के, सॉफ्टवेअर डिफाइन्ड इन्फ्रास्ट्रक्चर २५ टक्के, आणि ट्रान्सपोर्ट, सिक्युरिटी व सर्व्हिसेस, ऑटोमेशन यांना प्रत्येकी १५. आमच्या मित्राची निम्म्याहून जास्त पानं पहिल्या ३० टक्क्यांत गेली होती, कारण ते त्यांना आवडतं आणि येतं. पायथन आणि एसडी-वॅनला त्यांनी शेवटचे तीन आठवडे दिले. म्हणजे ४० टक्के मार्कांना तीन आठवडे! धंद्यातही आपण असंच करतो ना? आवडीचं काम सकाळी, जीएसटीची फाइल रात्री अकराला.

सरावासाठी साधनं भरपूर आहेत. पॅकेट ट्रेसर फुकट आहे, पण या पातळीला पुरत नाही. सिस्कोचंच मॉडेलिंग लॅब्ज आहे, त्याच्या पर्सनल लायसन्सवर वीस नोड चालतात. ईव्ह-एनजी आणि जीएनएस३ हेही लोक वापरतात. एसडी-वॅनचे कंट्रोलर मात्र रॅम खातात. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर जीव काढू नका, जास्त रॅमचा जुना सर्व्हर घ्या. त्याचा आवाज मिक्सरसारखा असतो, तेव्हा बेडरूममध्ये ठेवू नका आणि यूपीएस विसरू नका. ऑटोमेशनसाठी सिस्कोच्या डेव्हनेटवर फुकट सँडबॉक्स बुक करता येतात, त्यांचा उपयोग फार कमी लोक करतात.

आणि "खऱ्या लॅबचा पेपर मिळेल" म्हणून जे टेलिग्रामवर पैसे मागतात, त्यांच्या नादी लागू नका. सापडलात तर सर्टिफिकेट जातं, बंदी येते. समजा नाही सापडलात, तरी गिऱ्हाइकाच्या डेटा सेंटरमध्ये रात्री दोन वाजता तो पेपर उघडून बसणार आहात का?

मग करायची की नाही?

तुमची गिऱ्हाइकं दवाखाने, शाळा, दहा-वीस कॉम्प्युटरची ऑफिसं असतील, तर माझं स्पष्ट मत आहे: नको. ती माणसं सर्टिफिकेट विचारत नाहीत, फोन उचलता का ते बघतात. तुम्हाला सीसीएनए पुरेल. गावात इंटरनेट पुरवण्याचा धंदा असेल तर मिक्रोटिकचं एमटीसीएनए करा. परीक्षा एका तासाची, पंचवीस प्रश्नांची, पास व्हायला ६० टक्के लागतात, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी टॉवरवर वापरता येतं.

पण मोठ्या सिस्टीम इंटिग्रेटरकडून सब-काँट्रॅक्ट घ्यायचं असेल, कारखान्यांची आणि अनेक शाखांची नेटवर्क्स डिझाइन करायची असतील, किंवा पुढे ट्रेनिंगमध्ये यायचं असेल, तर हा नंबर दार उघडतो. फक्त दर तीन वर्षांनी तो टिकवावा लागतो, परीक्षा देऊन किंवा १२० क्रेडिट जमवून. तो खर्चही आजच धरा.

नाशिकच्या मित्राचं गणित तिसऱ्या प्रकारात बसतं, म्हणून ते पुन्हा बसतायत. पहिल्या वेळची एक गोष्ट त्यांनी मला सगळ्यात शेवटी सांगितली. त्या दिवशी आठ तास फोन बंद होता. बाहेर येऊन चालू केला तर एकाच गिऱ्हाइकाचे सतरा मिस्ड कॉल. कारखान्याचा कोअर स्विच बसला होता, आणि त्याचा पासवर्ड मित्राशिवाय कुणालाच माहीत नव्हता. लॅब गेलीच, दोन महिन्यांनी ती एएमसीही रिन्यू झाली नाही.

या वेळी तारीख ठरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे: सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड आणि नेटवर्कचे नकाशे एका ठिकाणी आणले, त्यातल्या सिनियर मुलाला तीन रविवार प्रत्येक साईटवर फिरवलं, आणि मोठ्या चार गिऱ्हाइकांना आधीच कळवलं की त्या दिवशी फोन तो उचलेल. त्या मुलाचा पगार दोन हजारांनी वाढवावा लागला. तोही त्यांनी परीक्षेच्या खर्चातच लिहिलाय.