परसातील कोंबड्यांसाठी खरकट्यावरच्या अळ्या

कोंबडीपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा असतो. त्यातही कोंडा-कण्या परवडतात. खिशाला जड जाते ती सोयापेंड आणि सुकी मासळी, म्हणजे प्रथिने. दुसरीकडे खानावळीतून, बेकरीतून, घरातून रोज भाजीचे देठ, शिळा भात, पावाचे तुकडे उकिरड्यावर जातात. या खरकट्यातून प्रथिने तयार करणारा कीटक म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय.

ही लांबट काळी माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही. घरमाशीसारखी ताटावर घोंगावतही नाही. मादी सडत्या पदार्थाजवळच्या कोरड्या फटीत सुमारे ५०० अंडी घालते. चारेक दिवसांत अळ्या निघतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुऱ्या वाढतात. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात.

झाकणाच्या प्लास्टिक पिंपाला तळाशी बारीक छिद्रे पाडा, पाणी निथळले पाहिजे. आत भुसा आणि भिजवून आंबवलेला कोंडा घाला. वर खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे टांगा. माशी त्यांत अंडी घालते. पिंप सावलीत ठेवून झाकणाखाली फट ठेवा. आतून काठापर्यंत तिरकी फळी लावा. पूर्ण वाढलेली अळी काळी पडते, खाणे सोडते आणि कोरडी जागा शोधत स्वतःच फळी चढून बाहेरच्या डब्यात पडते. वेचण्याची कटकट नाही! थोड्या अळ्या पुढच्या पिढीसाठी राखा.

दिवसभरात संपेल तेवढेच खरकटे घाला. दुर्गंधी आली तर भुसा वाढवा. चिकन-मटणाचे दुकान असलेल्या बांधवांना तिथला कचरा टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. मेलेली कोंबडी तर मुळीच नको. सडक्या मांसावरच्या अळ्यांतून विषबाधा होऊन कोंबडीची मान लुळी पडते आणि ती मरते.

अशी कोंबडी हलाल का, हे कोणीतरी विचारणारच. घाण खाणाऱ्या जनावराला फिकहमध्ये ‘जल्लाला’ म्हणतात. अशी कोंबडी तीन दिवस बांधून, स्वच्छ दाणा देऊन मग जिबह करावी असे सांगितले आहे. भाजी-भातावर वाढलेल्या अळ्यांची गोष्ट वेगळी. तरीही शंका असल्यास आलिमांना विचारावे.

अळ्या हे पूरक खाद्य आहे. कोंबडी दिवसाला १००-१२५ ग्रॅम खाद्य खाते. त्यात १०-१५ ग्रॅम ओल्या अळ्यांपासून सुरुवात करा. दाणा आणि शिंपल्यांचा चुरा चालूच ठेवा. कडक थंडीत माश्या कमी होतात, तेव्हा पेंड पुन्हा विकत घ्यावी लागेल; तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.