वेगवान संगणकही उशीर का करतो?



शाळेच्या कार्यालयात कारकून फीच्या वहीची बेरीज करीत बसले आहेत. इतक्यात गुडघा फुटलेला एक मुलगा औषधासाठी दारात येतो. "सगळी वही होऊ दे," असे ते म्हणाले, तर त्यांचा हात कितीही चपळ असला तरी मुलगा ताटकळतो. संगणकातही असेच घडते.

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. कोणत्या कामाला प्रोसेसर केव्हा द्यायचा, हे त्यातील शेड्युलर ठरवतो. काम तयार झाल्यापासून प्रोसेसर हाती येईपर्यंतचा वेळ म्हणजे शेड्युलिंगचा विलंब.

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. २५६ नमुन्यांचा साठा सुमारे ५.८ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात पुढचा साठा आला नाही, तर आवाज तुटतो. येथे सरासरी चांगली असून भागत नाही. एकदाच झालेला मोठा उशीरही नडतो. कारखान्यात यंत्राचा हात चालवणाऱ्या संगणकाला तर असा उशीर झाल्यास अपघातच व्हायचा.

लिनक्सच्या २.४ आवृत्तीत कर्नलमध्ये शिरलेले काम संपेपर्यंत किंवा आपण होऊन थांबेपर्यंत दुसऱ्याला वाव नसे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीत ते मध्येच थांबवण्याची सोय झाली. म्हणजे कारकुनांनी वहीत खूण ठेवून उठायचे!

पण बेरीज अर्धवट सोडली आणि वहीत दुसऱ्याने हात घातला, तर हिशेब चुकेल. म्हणून कर्नल सामाईक माहितीला कुलूप लावतो आणि अशा कुलपाच्या काळात काम थांबवू देत नाही. उपाय काय? बेरीज पानापानाने करावी, कुलूप थोडाच वेळ लावावे.

इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आदींनी २००४ च्या सुमारास पुढचे पाऊल टाकले. बहुतेक कुलपे त्यांनी अशी केली की ती धरणाऱ्यालाही थांबवता यावे. तातडीचे काम त्याच कुलपासाठी अडले असेल, तर कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता त्या कामाचा अग्रक्रम मिळतो. म्हणजे तो लवकर मोकळा होतो. हे काम तुकड्यातुकड्याने मूळ कर्नलमध्ये येत गेले आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत ही सोय तेथे सुरू करता येऊ लागली.

याची किंमतही आहे. वरचेवर उठणाऱ्या कारकुनांची वही उशिरा पुरी होते. तसेच संगणकाचे एकूण काम थोडे घटते. म्हणून ही सोय ऐच्छिक ठेवली आहे.

विचार करा: फीची वही आणि गुडघा फुटलेला मुलगा, यांत आधी कोण? कर्नलला हे आपोआप कळत नाही. अग्रक्रम माणसालाच ठरवून द्यावा लागतो.